वरची चार बोटं

मापाऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणजे तोंडानं नव्हती. लिहिण्यात मात्र तो गेली एकतीस वर्षं खोटं लिहीत आला होता, आणि तेही सरकारी वहीत, निळ्या शाईनं, खाली सही ठोकून.

काम सांगितलं तर कुणालाही वाटेल, ह्यात काय आहे एवढं! नदीवरच्या पुलाच्या एका खांबाला आकडे रंगवलेली उभी पट्टी होती. चौकीतून लोखंडी जिन्याच्या बावीस पायऱ्या उतरायच्या, पाणी पट्टीवर कुठवर आलंय ते बघायचं, बावीस पायऱ्या चढायच्या आणि वहीत लिहायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पाणी पिवळ्या खुणेच्या वर गेलं की दर दहा मिनिटांनी. लाल खुणेला टेकलं की भोंगा वाजवायचा. संपलं. ह्या एवढ्याशा कामावर त्यानं संसार केला, बायकोला शेवटचं पोचवलं, दोन्ही गुडघे झिजवले, आणि आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सगळी वस्ती त्याला मापारी म्हणायची. खरं नाव पगारपत्रकात तेवढं शिल्लक होतं.

खोटं लिहायला त्याला त्याच्या आधीच्या मापाऱ्यानं शिकवलं. त्या म्हाताऱ्याला हा काका म्हणायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी त्याच्या नाकासमोर आपला पंजा धरला, अंगठा दुमडला आणि म्हणाले, "पाणी पिवळ्याच्या वर गेलं, की दिसेल त्यात ही चार बोटं मिळवून लिहायचं."

"का हो काका?"

"लिहायचं म्हणजे लिहायचं. फाजील चौकशा नकोत."

काका स्वभावानं घुमे, दिवसभरात दहा शब्द बोलले तर पुष्कळ. ह्यानं पुन्हा विचारलं नाही. काका निवृत्त झाले, वारले, आणि चार बोटं ह्याच्या हाताला चिकटून राहिली.

ह्या चार बोटांनी व्हायचं काय, तर भोंगा लवकर वाजायचा. पाणी खरोखर लाल खुणेला टेकल्यापासून बांधावरून खालच्या गल्लीत यायला वीस-एकवीस मिनिटं लागतात, असं खात्याचं गणित. पण वहीतलं पाणी खऱ्या पाण्याच्या चार बोटं पुढे चालायचं, त्यामुळे भोंगा झाल्यावर गल्लीच्या हाताशी चांगली पंचेचाळीस मिनिटं असायची. गल्ली नदीपेक्षा खोल. बांधावरून पाणी आलं की हौदासारखी भरते, मग पळायलाही वाव नाही. लोकांना चार बोटांचा पत्ताच नव्हता. त्यांना इतकंच ठाऊक होतं की भोंगा वाजला म्हणून पाणी काही लगेच येत नाही, चहा पिऊन निघालं तरी चालतं.

त्याच गल्लीत मापाऱ्याची ताई राहायची.

आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा, ताई चौदाची. तिनंच ह्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, कान पिळले, आजारपणं काढली. इस्पितळात चादरींना इस्त्री करून तिनं सगळा जन्म काढला. आता गुडघ्यानं दावा मांडल्यावर तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकटी असायची. "माझ्याकडे ये राहायला," असं ह्यानं शंभरदा सांगून झालं होतं. "तुझ्या त्या पेटीएवढ्या घरात? मी माझ्या घरी राणी आहे, बारक्या." अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलेलं.

भोंगा झाला की ताईचं एक वेळापत्रक सुरू व्हायचं. आधी खिडक्या, सहाच्या सहा. मग गॅस. मग पलंगावरची चादर काढून तिची घडी. इस्त्रीवालीची घडी ती, चार कोपरे जुळल्याशिवाय हातातून सुटायची नाही. ती माळ्यावर. मग पलंगाखालचा फोटोंचा डबा, तोही माळ्यावर. आणि सगळं झाल्यावर आरशासमोर उभं राहून सावकाश केस विंचरायचे. शेजारीण दारातून ओरडायची, "अहो ताई, पूर आलाय, लग्नाला नाही निघालोय आपण!" तर ही म्हणायची, "पूर आला म्हणून काय भुतासारखं जायचं चार माणसांत?" मापाऱ्यानं एकदा गंमत म्हणून घड्याळ लावून बघितलं होतं. अडतीस मिनिटं लागली.

आता पाहुण्याचं. आभाळातून ते चाळीस नग जगाच्या पाठीवर चाळीस ठिकाणी उतरले, तेव्हा काय कमी गोंधळ झाला? लोकांनी घरात धान्य भरलं, सैन्यं सीमेवरून उठून नदीकाठी आली, कुणी म्हणे जग बुडणार, कुणी म्हणे आता सगळे रोग बरे होणार. त्यांतला एक, तोच हा पाहुणा, नेमका ह्या पुलाच्या खांबाशी, पट्टीपासून दोन हातांवर पडला आणि गाळात रुतून बसला. पिंपाएवढा, काळपट, ना फट ना सांधा. शास्त्रज्ञांनी पाण्यात तारा सोडल्या, चौकीत एक माईक आणि स्पीकर बसवला. महिन्याभरात तो आपली भाषा आपल्यासारखी बोलायला लागला. आत जीवबीव कुणी नव्हतं. आपल्या कॉम्प्युटरसारखीच कुणीतरी बनवलेली बुद्धी होती ती, फक्त आपल्याकडचे कॉम्प्युटर तिच्यापुढे पाटी-पेन्सिल.

सगळ्यांनी विचारून घेतलं. कशाला आलास? मोजायला पाठवलंय. कुणी? ज्यांना मोजमाप हवं होतं त्यांनी. ते कुठे आहेत? निघालो तेव्हा होते. बस, ह्यापलीकडे काही नाही. चाळीसही जण तेच सांगत होते. युद्ध नाही, खजिना नाही, औषध नाही. पाणी मोज, गाळ मोज, वारा मोज, एवढंच चाललेलं. वर्षभरात जग कंटाळलं. शास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा यायला लागले, मग महिन्यातून एकदा. पाहुणा आणि मापारी, दोघंच राहिले.

मापाऱ्याला तो आवडायचा. आपल्याच खात्यातला माणूस वाटायचा.

"एवढं मोजून पाठवतोस कुठं?" त्यानं एकदा विचारलं.

"जिथून आलो तिथं. नऊशे वर्षांनी पोचेल."

"आणि वाचतं का कुणी?"

"इथे येण्याआधी सतरा ठिकाणचं पाठवलं. उत्तर आलेलं नाही."

"आमच्याही वह्या वर जातात बघ," मापारी म्हणाला. " कुणी उघडत नाही." त्याला त्या दिवशी पाहुण्याची दया आली, आणि थोडी स्वतःचीही.

लिहिताना आकडा मोठ्यानं म्हणायची मापाऱ्याला खोड होती. तिथंच सगळं फसलं. पाहुणा आल्यानंतरचा पहिला पूर ओसरल्यावर तो म्हणाला, "वहीतली एक गोष्ट जुळत नाही."

"वय झालं रे. नजर चुकते."

"नजर चुकली असती तर कधी कमीही लिहिलं असतं. तुम्ही नेहमी जास्तच लिहिता, आणि नेहमी तेवढंच."

मापाऱ्याला आधी घाम फुटला आणि मग चक्क हसू आलं. एकतीस वर्षांत एका माणसाच्या लक्षात आलं नव्हतं, साहेबांच्या नाही, तपासनिसाच्या नाही, आणि हे पाण्यातलं पिंप म्हणतंय जुळत नाही! कुणीतरी आपली वही नीट ऐकतंय, ह्याचंच त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं भडाभडा सगळं सांगून टाकलं. काका, पंजा, चार बोटं, सगळं.

"कशासाठी?" पाहुण्यानं विचारलं.

"लोकांना जरा सवड मिळते रे, आणखी काय." ताईचं सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण दुपारच्या मापाची वेळ झाली आणि तो पायऱ्या उतरायला लागला. वर आल्यावर राहूनच गेलं. एवढं मात्र म्हणाला, "कुणाला बोलू नकोस हं."

"विचारलं तर सांगेन."

"विचारतंय कोण डोंबल!"

विचारलं ना, इंजिनिअर मॅडमनी विचारलं. नदीखात्याच्या त्या मुख्य, तोंडानं फटकळ पण कामाला चोख. खालच्या रस्त्यावरचा कारखाना गेल्या वर्षी तीनदा भोंग्यामुळे बंद ठेवावा लागला, आणि तिन्ही वेळा पाणी बांधापर्यंत आलंच नाही, म्हणून वरून त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटणं चाललं होतं. भोंगा सरळ पाहुण्याला जोडायचा, असं त्यांनी ठरवलं. जोडण्याआधी दोघांचे आकडे शेजारी ठेवले आणि माईकसमोर बसून विचारलं, फरक का पडतो. पाहुण्यानं सांगितलं, जसं मापाऱ्यानं त्याला सांगितलं होतं अगदी तसंच.

मापारी तिथंच उभा होता. जमीन दुभंगावी असं त्याला झालं.

"एकतीस वर्षं, मापारी?" मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "तुमच्या मनात वाईट नव्हतं, ते कळतं मला. पण भोंगा वाजतो आणि पाणी येत नाही, मग लोक भोंग्याला विचारेनासे होतात. आता खरा आकडा आणि खरी वेळ. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. कागद लावते मी गल्लीत. पण कागद कोण वाचतंय? तुम्ही स्वतः सांगा सगळ्यांना. तुमचं ऐकतील."

त्यांचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. मापारी "हो मॅडम" म्हणाला. त्यांनी वर कळवलं नाही, नोकरी शाबूत ठेवली. भोंग्याचा हातानं ओढायचा दांडा तेवढा काढून नेला.

रविवारी तो ताईकडे गेला. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. शेजारीण तिथंच बसलेली.

"ये, बारक्या. ते कागद लावलेत ना कोपऱ्यावर, चष्मा चढवून वाचले मी," ताई म्हणाली. "म्हणे आता भोंगा अगदी अचूक वाजणार! मी हिला म्हटलं, आणि आधी काय चुकीचा वाजायचा? माझा भाऊ बसलाय तिथं. एकतीस वर्षांत एका केसाचा फरक नाही."

"नाहीच मुळी," शेजारीण म्हणाली.

"लहानपणापासून असाच हा. खोटं बोलला की कान लाल व्हायचे. म्हणून बोलायचाच नाही."

आता ह्यावर काय बोलणार? तोंड उघडायचं आणि म्हणायचं, ताई, मी एकतीस वर्षं खोटंच लिहिलं? शेजारणीसमोर? त्याचे कान लाल झाले असतील, पण ताईला मोतीबिंदू होता. पुढच्या रविवारी सांगू, ही बया नसताना, असं त्यानं मनाशी म्हटलं. निघताना तेवढं बोलला, "भोंगा वाजला की लगेच निघत जा, ताई."

"हो रे बाबा. दरवर्षी तेच सांगतोस."

पुढच्या रविवारी तो तापानं पडला. त्याच्या पुढचा रविवार यायच्या आत गुरुवार आला.

वर डोंगरात पाऊस दोन दिवस झोडपून काढत होता. सकाळी अकराला पाणी पिवळ्याच्या वर गेलं. पावणेबाराला मापारी पट्टी बघून आला. लाल खूण पाण्याच्या चार बोटं वर होती. एरवी त्यानं ह्याच घडीला भोंगा ओढला असता.

"वाजव," तो पाहुण्याला म्हणाला.

"पाणी लाल खुणेला टेकलेलं नाही."

"ते दिसतंय मला! वाजव तू."

"टेकल्यावर वाजवायचं, असं मला सांगितलेलं आहे."

त्यानं ताईला फोन लावला. "ताई, नीघ आत्ताच्या आत्ता."

"अजून भोंगा कुठं झालाय? काहीतरीच तुझं. वाजला की निघते, नेहमीसारखी."

"ताई, ऐक माझं, भोंगा आता—"

"अरे दूध उतू चाललंय, ठेव." आणि ठेवलाच तिनं.

आता बघा, ह्याच वेळी तो पळत सुटला असता तर पोचला असता. पंचवीस मिनिटांची वाट, त्यातली अर्धी उताराची. पण एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. चौकी सोडून कसा जाईल? त्यानं मॅडमचा फोन फिरवला. हुकूम द्या, भोंगा आधी वाजवा, एवढंच मागायचं होतं. मॅडम मीटिंगमध्ये. पुन्हा फिरवला. लाइन लागेना. पुन्हा फिरवला. "निरोप देतो," कुणीतरी म्हणालं. फोनच्या दोरीला पीळ घालत तो वीस मिनिटं नुसता वाट बघत उभा राहिला.

बारा वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला.

ताईनं फोन उचलला नाही. भोंग्यानंतर ती कधीच उचलायची नाही, आवरासावर सोडून बोलत कोण बसणार? मग मात्र तो पळाला. छत्री नाही, टोपी नाही. झिजलेल्या गुडघ्यांचा म्हातारा पळतोय म्हणून बाजारातले लोक थांबून बघायला लागले. तो ओरडत होता, "ह्या वेळी सवड नाही! निघा!" त्यांना वाटलं, ह्याला काय झालं? दुकानदार निवांत फळ्या लावत होते. वीस मिनिटं झाली तेव्हा तो, मारुतीसारखी उडी मारता आली असती तर, असल्या वेड्या विचारात, अजून वरच्या चौकातच होता.

गल्लीच्या तोंडाशी पोचला तेव्हा बारा पस्तीस झाले होते. गल्लीतली तरणीताठी माणसं ओल्या कपड्यांनी वर येऊन उभी होती. पोरं रडत होती. शेजारीण त्याला बघून मटकन खाली बसली. "मी हाका मारल्या हो," ती म्हणाली. "मला म्हणाल्या, तू हो पुढे, माझं अर्धंच झालंय." गल्लीत छातीच्या वर पाणी होतं. तो शिरायला निघाला, चौघांनी त्याला धरून ठेवलं.

संध्याकाळी पाणी उतरलं. खिडक्या सहाच्या सहा बंद होत्या, कड्या लावून. पाणी दारातून आलं होतं. गॅस बंद होता. चादर माळ्यावर होती, चारी कोपरे जुळवून, कोरडी ठणठणीत. फोटोंचा डबा पलंगाखालून अर्धा ओढलेला होता. केस विंचरायचे राहिले होते.

जिथं तिनं आयुष्यभर इस्त्री केली, त्याच इस्पितळात तिला नेलं. अंगावर घातलेली चादर चुरगळलेली होती. मापाऱ्यानं खिशातला कंगवा काढला आणि तिचे केस विंचरले. पाण्यानं गुंता झाला होता, फार वेळ लागला. तिथला माणूस दाराशी येऊन घड्याळ बघत उभा राहिला, मग तसाच निघून गेला.

दोन आठवड्यांनी तो कामावर आला. वही उघडून बसला.

"गुरुवारी भोंगा बारा-दहाला झाला," पाहुणा म्हणाला. "बांधावरून पाणी बारा-एकतीसला आलं. अंदाजात चूक नव्हती."

"नव्हती."

"मग एक माणूस गेलं कसं? मला जुळवता येत नाही."

मापाऱ्यानं वही भिंतीवर फेकून मारली. तोंडाला येईल ते बोलला. दगड म्हणाला, पिंप म्हणाला, आणखीही काही म्हणाला जे इथं सांगण्यासारखं नाही. पाहुणा ऐकत होता. मग दम लागल्यावर मापारी खाली बसला आणि बोटं मोजत सांगायला लागला. सहा खिडक्या, त्यांतली एक फुगलेली, ती तीनदा ढकलावी लागते. गॅस. चादर. डबा. केस. गुडघा दुखतो म्हणून मध्ये दोनदा टेकायचं. "अडतीस मिनिटं. मी स्वतः मोजलीत."

"हे वहीत नव्हतं."

"वहीत कसं असेल?"

"मला का सांगितलं नाही?"

मापाऱ्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "तिलाही नाही सांगितलं," तो म्हणाला. "तिच्यापुढे खोटारडा ठरायचं नव्हतं मला. एवढ्याचसाठी रे. एवढ्याचसाठी गेली ती." आणि तो हमसून हमसून रडला. इस्पितळात रडला नव्हता, तेही सगळं रडून घेतलं.

बऱ्याच वेळानं त्याला काका आठवले. तो पंजा, ते फाजील चौकशा नकोत. काकांनी कधीतरी खरा आकडा लिहिला असणार. त्यांचंही कुणीतरी गेलं असणार त्या गल्लीत, बायको की पोर की आई, देव जाणे. एकदा तरी विचारायला हवं होतं म्हाताऱ्याला.

"सतरा ठिकाणी मी मोजलं," पाहुणा म्हणाला. "तिथं कुणाला किती वेळ लागतो, ते विचारलं नाही."

मापाऱ्यानं भिंतीशी पडलेली वही उचलून आणली.

"चार बोटं म्हणजे किती?"

"किती म्हणजे? चार बोटं."

"दाखवा."

मापारी उठला. बावीस पायऱ्या उतरला. पाणी कमी झालं होतं, गढूळ होतं. त्यानं अंगठा दुमडला आणि पट्टीवर, पाण्याच्या रेघेच्या लगेच वर, हात आडवा टेकवला. पट्टी गार होती. वरून चौकीच्या उघड्या दारातून पाहुण्याचा आवाज आला, "झालं. काढा हात."

महिन्याभरानं पुन्हा पाणी चढलं. दुपारची वेळ. मॅडम स्वतः आल्या, भिजलेल्या. गुरुवारनंतर त्या फार खंगल्या होत्या, गल्लीत कागद त्यांच्या सहीचे होते ना. पुलावरून पट्टी बघूनच त्या आत शिरल्या होत्या.

"पाहुण्याचा आकडा मला जास्त वाटतोय," त्या म्हणाल्या. "विचारलं तर सरळ उत्तर देत नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. म्हणतो, मापाऱ्यांना विचारा. बिघडलाय का हा?"

"बघून येतो, मॅडम."

तो खाली गेला. पाणी लाल खुणेच्या चार बोटं खाली होतं, स्वच्छ दिसत होतं. तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथं थांबला आणि वर आला.

"पाहुणा बरोबर आहे," तो म्हणाला, आणि वहीत आकडा लिहिला. लिहिताना मोठ्यानं म्हणाला नाही.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याचे कान लाल झाले होते, आणि त्यांचे डोळे चांगले होते. त्यांनी वही आपल्याकडे ओढली. "द्या पेन," म्हणाल्या, आणि त्याच्या सहीखाली आपली सही केली.

भोंगा झाला. मापाऱ्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. खालून गल्लीतले लोक वर येताना दिसत होते, कुणी भरभर, कुणी रमतगमत, भोंग्याला शिव्या घालत. एकवीस. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. तीस झाली. बांध अजून कोरडा होता.

"अडतीस," पाहुणा म्हणाला.

मापाऱ्यानं मान हलवली. ताई आत्ता कंगवा ठेवून दाराला कुलूप लावत असती.